लायपोसक्शननंतर गारमेंट घालायचं कसं, सूज उतरवायची कशी

लायपोसक्शन, म्हणजे नळीने कातडीखालची चरबी ओढून काढण्याचं ऑपरेशन, करून तुम्ही शुद्धीवर येता तेव्हा अंगात कॉम्प्रेशन गारमेंट, म्हणजे अंगाला दाबून धरणारा ताणता कपडा, चढवलेलंच असतं. ते कशासाठी हे नीट कळलं, तर पुढच्या दोन महिन्यांत त्याचा जाच बराच कमी वाटतो. चरबी ओढून काढल्यावर कातडी आणि खालचा स्नायू यांच्यामध्ये पोकळी उरते. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या (पेशींभोवतालचं पाणी, म्हणजे लसिका, वाहून नेणाऱ्या नळ्या) तुटलेल्या असतात. चरबी सैल करण्यासाठी सोडलेलं सलाइन, भुलीचं औषध आणि अॅड्रेनलिनचं मिश्रणही बरंचसं आतच राहिलेलं असतं. गारमेंट कातडीला बाहेरून टेकवून धरतं. त्यामुळे पाणी साचायला जागा मिळत नाही आणि कातडी खालच्या थराला धरू लागते. उरलेली चरबी वितळवणं किंवा कंबर आवळून बारीक करणं हे त्याचं काम नाही. म्हणूनच ‘जितकं घट्ट तितकं चांगलं’ हा हिशेब इथे चुकतो. दाब बेताचा हवा, पण सगळीकडे सारखा हवा. गारमेंटमुळे होणारे बहुतेक त्रास कुठेतरी कमी, कुठेतरी जास्त दाब पडल्यामुळे होतात.

माप आणि जोड

माप ऑपरेशनच्या आधीच घ्या. छातीखाली, कंबर, कुल्ह्यांचा सर्वात रुंद भाग आणि मांडीचा सर्वात जाड भाग टेपने सेंटिमीटरमध्ये मोजा आणि त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा. नेहमीच्या कपड्यांच्या साइझवरून अंदाज बांधू नका. माप दोन साइझच्या मध्ये आलं तर पहिल्या टप्प्यासाठी मोठं घ्या, कारण पहिले काही दिवस सूज वाढणारच असते. हुकांच्या दोन-तीन ओळी असतील तर सुरुवात सर्वात बाहेरच्या, म्हणजे सैल ओळीपासून करायची आणि सूज ओसरेल तसं आत यायचं.

पहिल्या टप्प्याचं गारमेंट मऊ, पुढून चेन किंवा हूक असलेलं असतं. दोन-तीन आठवड्यांनी सूज उतरून ते ढिलं पडतं. मग दुसऱ्या टप्प्याचं, जास्त पकडीचं लागतं. प्रत्येक टप्प्याचे दोन नग ठेवा, एक अंगात आणि एक वाळत. गारमेंटची कड चरबी काढलेल्या भागाच्या बरीच पुढे जाऊन संपली पाहिजे. कड त्या भागाच्या मधोमध आली, तर तिथेच खाच पडते. मांड्यांसाठी गुडघ्याखालपर्यंतचं आणि दंडांसाठी मनगटापर्यंतचं घेतलेलं बरं. नाहीतर सूज कडेच्या खाली, पावलात किंवा हातात उतरते. हाताचं ऑपरेशन असेल तर अंगठ्या आणि बांगड्या आधीच काढून ठेवा.

किती दिवस घालायचं याबाबत सर्जनांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. साधारणपणे पहिले 2 ते 3 आठवडे अंघोळीपुरतं सोडून दिवसरात्र आणि त्यानंतर 6 ते 8 आठवडे पूर्ण होईपर्यंत रोज 12 तास, असं सांगितलं जातं. हनुवटीच्या पट्ट्याचा काळ याहून कमी असतो. तुमच्या सर्जननी दिलेलं वेळापत्रक वेगळं असेल तर तेच पाळा.

पहिले दोन-तीन दिवस: गळणारं पाणी

नळी आत घालायला पाडलेल्या बारीक छिद्रांतून गुलाबी, पाण्यासारखा द्रव गळतो आणि कधी कधी चादर भिजेपर्यंत गळतो. घाबरून जाऊ नका. आतलं मिश्रण थोड्या रक्तासह बाहेर येत असतं आणि जेवढं बाहेर जाईल तेवढी सूज कमी. बहुतेकांचं हे गळणं 24 ते 48 तासांत कमी होतं. गादीवर वॉटरप्रूफ चादर घाला, छिद्रांवर शोषून घेणारे पॅड सपाट ठेवा आणि भिजले की बदला. ओलं पॅड तासन्तास कातडीला चिकटून राहिलं तर कातडी पांढरट, मऊ होऊन सोलते. मात्र द्रव गुलाबी न राहता ताजं, दाट, लाल रक्त येऊ लागलं आणि पॅड एका तासात चिंब होऊ लागलं, तर लगेच सर्जनना फोन करा.

पहिल्यांदा काढताना

चक्कर येऊन पडण्याचा सर्वात मोठा धोका याच वेळी असतो. दाब एकदम गेला की रक्त पायांकडे आणि सुजलेल्या भागाकडे उतरतं, रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यामुळे पहिल्यांदा काढताना घरातलं मोठं माणूस जवळ हवंच. त्याआधी काहीतरी खाऊन आणि पाणी पिऊन घ्या. पलंगावर आडवं पडून चेन थोडी उघडा, काही मिनिटं थांबा, मग आणखी थोडी उघडा. पूर्ण उघडल्यावर 10 मिनिटं तसंच पडून राहा, मग पाय खाली सोडून बसा आणि बरं वाटलं तरच उभे राहा. अंघोळ कोमट पाण्याने, स्टुलावर बसून आणि थोडक्यात आटपा. कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि चक्कर हमखास येते. न्हाणीघराचं दार आतून लावू नका. छिद्रं पूर्ण भरेपर्यंत टबमध्ये किंवा तलावात उतरायचं नाही.

चढवताना

अंग टिपून पूर्ण कोरडं करा. ओलसर कातडीवर कापड सरकत नाही, ओढाताण होते आणि चुण्या पडतात. मांड्यांचं गारमेंट असेल तर पावलावर एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा. कापड तिच्यावरून सहज सरकतं. पाय आत गेला की पिशवी खालून ओढून काढा. गारमेंट एकदम वर खेचू नका. आधी पोटऱ्या, मग गुडघे, मग मांड्या असं टप्प्याटप्प्याने, कापड तळहातांनी वर सरकवत न्या. नखांनी ओढलं तर कापडाचे धागे तुटतात आणि बधीर कातडीला ओरखडा पडला तरी कळत नाही.

कमरेपर्यंत आलं की आडवं पडा. पडल्यावर पोट सपाट होतं आणि हूक लावायला सोपं जातं. आधी आतले हूक खालून वर लावत या, मग त्यांच्यावरची चेन ओढा. चेन ओढताना तिच्या मागे एक बोट धरा, म्हणजे कातडी चिमटली जात नाही. सगळं लागलं की उठून उभे राहा आणि कापडावरून दोन्ही तळहात फिरवा. जांघ, बेंबीभोवतीचा भाग, स्तनांखालची रेघ, कमरेची मागची बाजू आणि गुडघ्याची खोबण या पाच जागा नीट चाचपा. एकदा खुर्चीवर बसा आणि पुन्हा उभे राहून चाचपा, कारण बसल्यावर पोटापाशी आडवी घडी पडते आणि ती तशीच राहून जाते. अशी घडी आठ-दहा तास राहिली तर कातडीत तिचा वळ रुततो. पहिल्या काही आठवड्यांत आतला भाग अजून बसत असतो, तेव्हा रोज त्याच जागी घडी पडत राहिली तर तिथे कायमची खाच उरू शकते. दिवसातून चार-पाच वेळा हात फिरवून कापड सारखं करणं ही या काळातली सर्वात मोलाची सवय आहे.

कड गुंडाळू नका आणि दुमडू नका. जांघेत गुंडाळलेली कड करकचून बांधलेल्या दोरीसारखं काम करते. खालचा पाय सुजतो आणि शिरांतलं रक्त अडून गाठ होण्याचा धोका वाढतो.

पोटावर किंवा बाजूंवर फोमचे तुकडे सांगितले असतील तर ते एकमेकांना टेकतील असे लावा. मध्ये फट नको आणि एकावर एक चढलेलेही नकोत. पोटाची पाटी (गारमेंटच्या आत पोटावर ठेवायची सपाट, कडक पट्टी) दिली असेल तर ती फोमवरच ठेवायची, थेट कातडीवर कधीच नाही. फोमऐवजी टॉवेल किंवा रुमालाच्या घड्या भरू नका. त्यांच्या कडांचे उंचवटे कातडीवर उमटतात.

घट्ट की सैल, कसं ओळखायचं

कडेखाली दोन बोटं सरकली पाहिजेत, पोट भरून श्वास घेता आला पाहिजे आणि बोटाचं नख दाबून सोडल्यावर साधारण 2 सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. गारमेंट काढल्यावर शिवणीचे लालसर वळ दिसणं ठीक आहे, ते अर्ध्या तासात जातात. वळ गेला नाही, फोड आला, कातडी पांढरी, जांभळी किंवा काळपट दिसली, पावलांना मुंग्या आल्या किंवा गारमेंट उघडताच दुखणं थांबलं, तर ते जास्त घट्ट आहे. हुकांची ओळ सैल करा आणि त्याच दिवशी सर्जनना कळवा. उलट, कापडाची चिमट सहज हातात येत असेल तर ते ढिलं झालं आहे, आता त्याचा फारसा उपयोग नाही.

सूज कशी येते, कशी जाते

पहिले तीन-चार दिवस सूज वाढते. वजनकाट्यावर आकडा ऑपरेशनच्या आधीपेक्षा जास्त दिसतो आणि अनेकांना रडू येतं. ते सगळं पाणी असतं. काळंनिळं झालेलं आणि सूज दोन्ही गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतात. पोटाच्या लायपोसक्शननंतर जननेंद्रियाचा भाग सुजून जांभळा होतो, मांड्यांनंतर गुडघे आणि घोटे भरतात. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून माणूस हादरतो. काळेनिळे डाग बहुधा 2 ते 3 आठवड्यांत जातात. त्याच सुमाराला कातडीखाली कडकपणा आणि खडबडीत गाठी जाणवू लागतात. ती बरी होण्याची खूण आहे, पुढच्या काही महिन्यांत त्या मऊ होतात. बरीचशी सूज 4 ते 6 आठवड्यांत उतरते, पण खरा आकार 3 ते 6 महिन्यांनी दिसतो. घोटे आणि पोटऱ्या सर्वात उशिरा उतरतात. सूज सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असते, म्हणून मोजायचं तर आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच जागी टेप लावून. रोज आरशासमोर उभं राहून स्वतःला छळू नका.

सूज उतरवण्याचा सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे चालणं. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळीच कुणाचा तरी हात धरून खोलीत फेऱ्या मारा. नंतर जागेपणी दर दोन तासांनी 5 ते 10 मिनिटं चाला. पोटरीचे स्नायू आवळले की शिरांतलं रक्त आणि लसिका वर ढकलली जाते. पडून असताना पावलं वरखाली हलवत राहा. पाय सुजलेले असतील तर ते छातीपेक्षा उंच ठेवा. पोटाचं ऑपरेशन असेल तर पाठीवर, गुडघ्यांखाली उशी आणि पाठ थोडी वर करून झोपा. दंडांसाठी हात उशांवर आणि हनुवटीसाठी डोकं उंच. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवा. सूज आहे म्हणून पाणी कमी पिऊ नका, त्याने काही साधत नाही. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या सर्जनना विचारल्याशिवाय घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. शेकायची पिशवी आणि बर्फ दोन्ही टाळा. कातडी बधीर असते, भाजलं तरी कळत नाही.

लसिका वाहती करण्याचा मसाज उपयोगी पडतो, पण तो अगदी हलक्या हाताने, कातडी फक्त सरकेल इतक्याच जोराने, जांघ किंवा काखेच्या दिशेने आणि सर्जननी परवानगी दिल्यावर शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावा. छिद्रं पुन्हा उघडून त्यांतून पाणी पिळून काढणारे लोकही आहेत. तसं करू देऊ नका. बंद झालेल्या जखमेत जंतू जायला तो सरळ रस्ता आहे.

एखाद्या जागी फुगवटा आला, दाबल्यावर पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी लाट पलीकडे गेली आणि दिवसेंदिवस वाढू लागला, तर आत पाणी साठलं आहे. त्याला सीरोमा म्हणतात. गारमेंट आणखी आवळून तो जिरवायला बघू नका. सर्जन सुईने पाणी काढतात, काही वेळा ते परत करावं लागतं.

इथे थांबायचं नाही

धाप लागणं, छातीत दुखणं, एकाएकी गोंधळल्यासारखं होणं असेल तर थेट इमर्जन्सीमध्ये जा. एकाच पोटरीत दुखणं, ती गरम आणि दुसरीपेक्षा जाड होणं हे रक्ताच्या गाठीचं लक्षण असू शकतं. 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप, पसरत जाणारी लाली, दुर्गंधी येणारा स्राव किंवा दिसणाऱ्या जखमेच्या मानाने फारच जास्त वेदना असेल तर रात्र काढू नका. पोट लाकडासारखं ताठ होऊन उलट्या सुरू झाल्या तर त्याच घडीला निघा. पहिल्या 24 तासांत ओठांभोवती बधिरपणा, कानात घुंई किंवा तोंडात धातूची चव आली तर ते भुलीचं औषध अंगात जास्त झाल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हाही तेच करा.

रोजची निगा

गारमेंट सौम्य साबणाने गार पाण्यात हाताने धुवा आणि पिळ न घालता सावलीत वाळवा. ब्लीच, फॅब्रिक सॉफ्टनर आणि ड्रायरची उष्णता यांनी लवचिक धागे मरतात. खाज येते ती बऱ्याचदा नसा जाग्या होत असल्यामुळे. आतून पातळ, शिवण नसलेला सुती बनियन घातला की आराम पडतो. मॉइश्चरायझर छिद्रं भरल्यावर आणि ते जिरायला वेळ देऊनच लावा. शौचाला जाताना खालची उघडी जागा पूर्ण बाजूला करा, धुताना पुढून मागे धुवा आणि टिपून कोरडं करा.

गारमेंट सोडतानाही एकदम सोडू नका. आधी दिवसा दोन-तीन तास काढून बघा. संध्याकाळी कपड्याची कड रुतू लागली किंवा तो भाग जड वाटला, तर ते परत चढवा आणि आठवड्याने पुन्हा बघा. सूज वाढली नाही तर तास वाढवत न्या. वेळापत्रक संपल्यावरही लांबचा प्रवास किंवा दिवसभर उभं राहण्याचं काम असेल, तर तेवढ्यापुरतं घालायला हरकत नाही.