निधीसाठीची पदयात्रा: मार्ग आखा शेवटच्या माणसासाठी

रुग्णांच्या उपचारांसाठी पदयात्रा काढताय? अंतर ५ किलोमीटरच ठेवा. धडधाकट माणूस ते तासाभरात चालतो. पण मोठ्या आजारपणातून नुकतीच उठलेली बाई किंवा गुडघे धरलेले आजोबा यांना दीड-दोन तास लागतात, आणि खरं तर ही पदयात्रा त्यांचीच असते. म्हणून सरळ लांब रस्त्याऐवजी एकेका किलोमीटरच्या ५ फेऱ्या आखा. दमलेल्याला कुठल्याही फेरीनंतर थांबता येतं, पाणी आणि प्रथमोपचाराचं टेबलही एकच पुरतं. सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक शेवटपर्यंत चालू द्या. रस्ता सार्वजनिक असेल तर परवानगीचा अर्ज सर्वांत आधी. देणगीचे आकडे चालण्यापूर्वीच लिहून घ्या. पैसे थेट संस्थेच्या खात्यात, पावती त्याच दिवशी.