रेंज नसलेल्या वाटेसाठी गाणी डाउनलोड कशी करावीत

शहाद्याहून तोरणमाळकडे घाट चढू लागला की मोबाइलची रेंज ये-जा करते. म्हणून वाटेत ऐकायची गाणी घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवावीत. स्पॉटिफायवर गाण्यांचे डाउनलोड सशुल्क सदस्यत्वाखेरीज मिळत नाही, तेव्हा योजना घेताना त्यात ही सोय आहे ना, हे पाहून घ्यावे. प्लेलिस्ट उघडून खालच्या दिशेच्या बाणावर बोट टेकवावे आणि तो हिरवा होईपर्यंत ॲप बंद करू नये.

आवाजाचा दर्जा मात्र सेटिंग्जमध्ये आधीच ठरवावा; तो केबीपीएसमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती किलोबिट डेटा, असा मोजतात: ३२० केबीपीएसला पाच मिनिटांचे गाणे सुमारे १२ एमबी जागा घेते, १६०ला त्याच्या निम्मी, आणि एसटीच्या घरघरीत साध्या इअरफोनवर हा फरक सहसा जाणवत नसल्याने माझ्या मते १६० पुरेसे आहे. ही गाणी ॲपमध्येच वाजतात, आणि ३० दिवसांतून एकदा तरी फोन इंटरनेटला जोडावाच लागतो.

फुकट एमपीथ्री देणाऱ्या अनधिकृत साइट टाळाव्यात. त्यांतून आपल्या अहिराणी कलावंतांच्या हाती काहीच पडत नाही. अहिराणी गाणे शोधताना नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत टाइप करून पाहावे, कारण ते सगळीकडे एकसारखे लिहिलेले नसते.