ओली वाळू मॉडेल करायचीय? आधी एकच एलिमेंट (मॉडेलचा एक छोटा तुकडा) चालवा
१९६४ च्या निगाता भूकंपात जपानमधल्या चार मजली इमारती न मोडता अख्ख्याच्या अख्ख्या कलंडल्या, कारण खालच्या वाळूतल्या पाण्याचा दाब वाढला आणि कणांची एकमेकांवरची पकडच सुटली. हे कॉम्प्युटरवर करायचं तर लगेच मोठा मेश (अशा तुकड्यांची जाळी) करत बसू नका. ओपनसीस या भूकंपाचं सिम्युलेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पीएम४सँड हे वाळूचं मटेरियल मॉडेल घ्या, एकच एलिमेंट अनड्रेन्ड (पाणी बाहेर जाऊ न देता) ठेवून सायक्लिक शिअर (पुढे-मागे कातरणारा भार) द्या, रिलेटिव्ह डेन्सिटी (वाळू किती घट्ट बसलीय) आणि जी-झीरो (तिच्या शिअर कडकपणाचा आकडा) साइटच्या डेटावरून टाका, मग एचपीओ (कातरताना वाळू किती आकुंचन पावू पाहते ते ठरवणारा आकडा) थोडा थोडा बदलत राहा, जोवर एसपीटीवरून (जमिनीत नळी ठोकून घेतलेल्या चाचणीवरून) काढलेल्या स्ट्रेस रेशोला (शिअर ताण भागिले कणांवरचा उभा दाब) १५ सायकलमध्ये ३ टक्के शिअर स्ट्रेन (कातरून होणारी विकृती) येत नाही. पोअर प्रेशर (कणांमधल्या पाण्याचा दाब) सुरुवातीच्या इफेक्टिव्ह स्ट्रेसच्या (कणांनी एकमेकांवर पेललेल्या दाबाच्या) जवळ पोचतंय का तो ग्राफ बघाच, प्लीज हे टाळू नका. मगच पूर्ण मॉडेल, आणि त्यात परमिएबिलिटी नीट द्या, पाणी किती वेगाने निसटतं ते तिच्यावरच आहे.