इंग्रज प्रवाशांच्या हस्तलिखित रोजनिशा कशा वाचाव्यात

सतराव्या-अठराव्या शतकातील इंग्रजी रोजनिशी पहिल्यांदा हाती आली की बहुतेक जण पहिल्या ओळीपासून वाचायला बसतात, चौथ्या-पाचव्या शब्दाशी अडतात आणि अक्षर वाईट आहे असे ठरवून मोकळे होतात. अक्षर क्वचितच वाईट असते; सुरुवात चुकलेली असते. पत्र किंवा खरेदीखत यांना नसलेली एक सोय रोजनिशीला असते, ती म्हणजे तिच्यात तेच ते शब्द एकाच हातचे शेकडो वेळा येतात. वार, तारीख, महिना, हवापाणी, मुक्कामाचे गाव, घोड्यांचा खर्च हे शब्द रोज नव्याने लिहिलेले असतात. म्हणून मजकूर बाजूला ठेवून आधी वीस-पंचवीस पाने नुसती उलटावीत आणि प्रत्येक नोंदीच्या माथ्यावरील तारीख तेवढी उतरवून घ्यावी.

यामागे साधा हिशेब आहे. इंग्रजीतील सात वारांच्या नावांत वर्णमालेची पंधरा अक्षरे येतात. त्यांना बारा महिन्यांची नावे जोडली की आणखी सात मिळतात. सव्वीसपैकी बावीस अक्षरे अशी मजकुराला हात न लावता ओळखीची होतात, आणि तीही अंदाजाने नव्हे, कारण सोमवारनंतर मंगळवार येणार हे आपल्याला ठाऊकच असते. उरलेल्या चारांपैकी ‘के’ हे अक्षर ‘क्लॉक’ या शब्दात आणि ‘एक्स’ हे ‘सिक्स’ या शब्दात लवकरच सापडते, कारण प्रवासी निघण्याची वेळ सहसा लिहितोच. या अक्षरांचा एक तक्ता करावा. त्यात प्रत्येक अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी कसे दिसते, हे तीन रकान्यांत शक्य तितके हुबेहूब काढावे आणि मोठ्या लिपीतील अक्षरांसाठी चौथा रकाना ठेवावा. पुस्तकांत छापलेले तयार तक्ते उपयोगी असतात, परंतु ते सर्वसाधारण वळणाचे असतात, आणि आपल्याला एका विशिष्ट माणसाचे वळण वाचायचे असते.

वळणांचा थोडा परिचय मात्र हवा. सोळाव्या शतकात आणि सतराव्याच्या पूर्वार्धात ‘सेक्रेटरी हँड’ हे वळण सर्रास चाले. त्यातील ‘ई’ उलटी फिरवल्यासारखी दिसते, ‘सी’ आजच्या लहान ‘आर’सारखी भासते आणि ‘एच’चे शेपूट ओळीच्या खाली उतरते. पुढे इटालियन वळण त्यात मिसळत गेले आणि अठराव्या शतकात गोलसर, तिरपे, आपल्याला जवळचे वाटणारे अक्षर रूढ झाले. तरीही लांब ‘एस’ टिकून राहिला. तो ‘एफ’सारखा दिसतो, आणि जोड ‘एस’मधील पहिला लांब काढण्याची सवय तर एकोणिसाव्या शतकातही अनेकांना होती. सर्वांत जास्त फसवणाऱ्या असतात त्या उभ्या रेघा. ‘एम’, ‘एन’, ‘यू’ आणि टिंब न दिलेला ‘आय’ हे सगळे एकाच मापाच्या रेघांनी बनतात, त्यामुळे कोणत्या दोन रेघा कोणत्या अक्षराच्या, हे शब्दावरूनच ठरवावे लागते. मोडी वाचणाऱ्याला ही अडचण नवी नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द सुटे नाहीत, अशा मजकुरातून संदर्भाने वाट काढण्याची सवय त्याला असतेच.

संक्षेपांचेही तसेच आहे. जुना इंग्रज लेखक शब्दाचे शेवटचे एक-दोन वर्ण बारीक करून ओळीच्या वर चढवतो; ‘विच’, ‘विथ’, ‘युअर’ हे शब्द बहुधा असे आखडलेले भेटतात. ‘वाय’ या अक्षरावर बारीक ‘ई’ दिसली की तो शब्द ‘यी’ असा वाचू नये. ते ‘द’ हे उपपदच आहे. ‘थॉर्न’ नावाचे एक जुने अक्षर लिहिता लिहिता ‘वाय’सारखे दिसू लागले, एवढेच त्याचे कारण. ‘इन्स्टंट’चा संक्षेप चालू महिना सांगतो आणि ‘अल्टिमो’चा गेला महिना. रोमन आकड्यांत शेवटचा ‘आय’ लांब ओढून ‘जे’सारखा काढतात. पाउंड, शिलिंग, पेन्स यांचे तीन रकाने दिसले की बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पाउंड हे कोष्टक शेजारी लिहून ठेवावे, कारण एखादा आकडा लागत नसेल तर खालची बेरीज तो लावून देते.

महिन्यांच्या संक्षेपांनी मला एकदा चांगलेच फसवले. सातचा, आठचा, नऊचा आकडा काढून पुढे ‘बर’ लिहिलेल्या तारखा मी जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशा उतरवल्या. परिणामी माझा प्रवासी ऑगस्टात कडाक्याच्या थंडीने गारठला आणि त्याच्याआधी महिनाभर, ऐन जुलैत, द्राक्षांची तोडणी पाहत राहिला. हवामानाचा हा घोळ आठवडाभर मी लेखकाच्या माथी मारला. वास्तविक ते आकडे लॅटिन नावांचे आहेत. सात म्हणजे सप्टेंबर, आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. क्वेकर या ख्रिस्ती पंथातील लोकांच्या रोजनिशांत आणखी एक वळसा असतो. ते महिन्यांची नावे टाळून क्रमांक देतात, आणि १७५२ पूर्वीच्या त्यांच्या लेखनात ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च असतो.

मार्च का, हे कळल्याशिवाय तारखांचा प्रश्न सुटत नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा, असे माझे मत आहे. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. साहजिकच एखाद्या रोजनिशीत डिसेंबर १६७४ नंतर जानेवारी १६७४ आणि फेब्रुवारी १६७४ आले, तर ती चूक नव्हे. आपल्या हिशेबाने ते महिने १६७५ चे असतात. सावध लेखक अशा वेळी दोन्ही वर्षे लिहितात. सॅम्युअल पीप्सची प्रसिद्ध रोजनिशी १ जानेवारी १६५९/६० या दुहेरी सालाने सुरू होते, ती यामुळेच. स्कॉटलंडने १६०० सालापासून १ जानेवारी हाच वर्षारंभ धरला होता, तेव्हा लेखक एडिंबरोचा की लंडनचा, हेही पाहावे लागते.

दुसरा फरक दिवसांचा आहे. युरोपातील कॅथलिक देशांनी १५८२ पासून ग्रेगरियन पंचांग स्वीकारले, तर ब्रिटन १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन पंचांगावर अडून राहिले. त्या साली २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर मोजून त्यांनी हिशेब मिटवला. तोपर्यंत दोन पंचांगांत सतराव्या शतकात दहा दिवसांचे आणि १७०० नंतर अकरा दिवसांचे अंतर होते. डोव्हरहून निघून त्याच संध्याकाळी कॅलेला पोहोचलेला प्रवासी दहा दिवस पुढची तारीख घालतो, आणि परततो तेव्हा निघाल्याच्या आधीच घरी पोहोचलेला दिसतो. काही जण परदेशातही घरचीच तारीख चालवतात, काही जण मध्येच बदलतात. अशा ठिकाणी नक्कल करणाऱ्याने तारीख आहे तशीच ठेवावी आणि आपला निष्कर्ष समासात लिहावा.

हा सगळा खटाटोप केवळ इंग्लंडपुरता आहे असे समजू नये. १६७४ च्या मे-जूनमध्ये मुंबईकर इंग्रजांचा वकील म्हणून हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर गेला होता आणि शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा वृत्तान्त त्याने रोजच्या नोंदींच्या रूपाने लिहून ठेवला. त्यातील ६ जून ही तारीख आपल्या इतिहासात कायमची बसली आहे. पण लिहिणारा इंग्रज होता आणि साल १७५२ च्या आधीचे होते, तेव्हा ती ज्युलियन तारीख आहे. त्याच दिवशी गोव्यातील पोर्तुगीजांच्या पंचांगात १६ जून होता. पडताळा घ्यायचा असेल तर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ही तिथी ताडून पाहावी. ती १६ जूनच्या ग्रेगरियन तारखेशी जुळते; ग्रेगरियन ६ जून धरला तर चंद्र दहा दिवस मागे पडतो. वारही साक्ष देतो. ज्युलियन ६ जून १६७४ रोजी शनिवार होता आणि जेधे शकावली शुक्रवार देते, यात विरोध नाही, कारण समारंभ पहाटेपूर्वी, रात्रीच्या अखेरच्या घटकांत झाला, आणि आपला वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नव्हे. तारीख, वार आणि तिथी असे तिहेरी बंधन लावण्याची सोय महाराष्ट्राशी संबंधित इंग्रजी नोंदींत वारंवार मिळते, ती वाया घालवू नये.

गावांच्या नावांना तोंडाने उच्चारून पाहण्याशिवाय दुसरा उपाय नाही. इंग्रजाने कानाला लागले तसे लिहिले. त्यामुळे ठाण्याचे ‘तान्ना’, वसईचे ‘बसीन’, दाभोळचे ‘डाबुल’ होते, आणि रायगड हा ‘रायरी’ या जुन्या नावाने येतो. इटलीतही तेच, ‘लेगहॉर्न’ हे नकाशात शोधून सापडत नाही, कारण ते लिव्होर्नो आहे. नाव लागले नाही तर आदल्या आणि दुसऱ्या दिवशीचे मुक्काम व मैलांचे आकडे घेऊन नकाशावर वर्तुळाचे कंस काढावेत. घोड्यावरचा किंवा पालखीतला माणूस एका दिवसात कुठपर्यंत जाईल, याला मर्यादा असते.

नक्कल करताना ‘अस्सल बरहुकूम’ हा आपल्या दप्तरांतला जुना शब्द ध्यानात ठेवावा. ओळ जिथे तुटते तिथेच तोडावी, शुद्धलेखन सुधारू नये, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिला असेल तर तिन्ही प्रकार राहू द्यावेत. संक्षेप फोडून भरलेली अक्षरे चौकटी कंसात घालावीत, न लागलेल्या शब्दाच्या जागी त्याच कंसात टिंबे द्यावीत, आणि शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह घालायला लाजू नये. प्रत्येक पानाचा क्रमांक आणि त्याची पुढची की पाठची बाजू हे आधी लिहावे, मग मजकूर. खोडलेले शब्दही नक्कलेत यावेत. डोरोथी वर्ड्‌स्वर्थच्या ग्रासमिअर येथील रोजनिशीत ४ ऑक्टोबर १८०२ रोजी, म्हणजे भाऊ कवी विल्यम याच्या लग्नाच्या दिवशीच्या नोंदीत, अंगठीविषयीच्या ओळी शाईने गडद गिरवून टाकल्या आहेत, आणि त्या पुढे अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने वाचाव्या लागल्या. संशोधकांची निम्मी चर्चा त्याच ओळींभोवती फिरते. संगणकाकडून हस्ताक्षर वाचून घेण्याची साधनेही आता आहेत. गोल वळणाच्या अक्षरावर ती बरी चालतात, परंतु विशेषनामांवर त्यांचा भरवसा धरू नये. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्‌जने १५०० ते १८०० या काळातील हस्ताक्षर शिकवणारे मोफत धडे संकेतस्थळावर ठेवले आहेत. पहिला महिना तिथेच घालवणे उत्तम.

हातातली वही प्रवासातलीच आहे की परतल्यावर सुवाच्य उतरवलेली, हे लवकर ठरवावे. शाई सर्वत्र सारखी, डाग नाहीत, मार्चच्या नोंदीत मेमधल्या घटनेची चाहूल, अशी लक्षणे दिसली तर ती मागाहून केलेली प्रत असते. पान उजेडासमोर धरून जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, पाहावे. १७९४ नंतरच्या बऱ्याच इंग्रजी कागदांत साल उमटवलेले असते, आणि १७८५ च्या प्रवासाची वही १८०१ च्या कागदावर असेल तर प्रश्नच मिटतो. प्रत म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही, मात्र तिला साक्षीदार मानण्याऐवजी आठवण मानावे. वाचनालयात पेन्सिलच न्यावी. हात धुऊन कोरडे करावेत. कागदासाठी हातमोजे घालू नयेत, कारण बोटांना पानाची कड समजत नाही आणि ते फाटते. लोहयुक्त शाईने कागद ठिसूळ झालेला असतो, म्हणून वही उशीवर अर्धीच उघडावी.

मुंबईच्या पुराभिलेखागारात किंवा लंडनच्या इंडिया ऑफिसच्या संग्रहात शोध घेणाऱ्यांनी सूचीतील ‘डायरी’ या शब्दाने हुरळून जाऊ नये. सुरत आणि मुंबई येथील कंपनीच्या वखारींच्या डायऱ्या म्हणजे कचेरीचा रोजकीर्दवजा दप्तरी कागद आहे. त्यात माणूस शोधायला गेले तर फारसा सापडत नाही, पण खासगी रोजनिशीतील तारखा ताडायला त्याच्याइतके पक्के साधन दुसरे नाही.

काही रोजनिशा साध्या लिपीत नसतातच. हॅलिफॅक्सजवळील शिब्डन हॉलच्या ॲन लिस्टरने सुमारे पन्नास लाख शब्द लिहिले आणि त्यांतला साधारण सहावा हिस्सा स्वतः रचलेल्या सांकेतिक लिपीत ठेवला. तिच्याच घराण्यातील जॉन लिस्टर आणि त्याचा मित्र आर्थर बरेल यांनी १८९० च्या दशकात ती फोडली. दोन अक्षरे आधीच हाती लागली होती. ‘देवावरच माझी…’ अशा अर्थाच्या एका चिठोऱ्यावर पुढचा चार अक्षरी शब्द ‘होप’ असणार हे ओळखल्यावर उरलेली अक्षरे सुटत गेली. सगळ्याच कुलपांना एवढे डोके चालवावे लागत नाही. पीप्सने आपली रोजनिशी शेल्टनच्या लघुलिपीत लिहिली होती. केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजच्या ग्रंथालयातली ती रोजनिशी १८१९ ते १८२२ अशी तीन वर्षे जॉन स्मिथ नावाचा विद्यार्थी अक्षरश: एकेक खूण जुळवत उलगडत बसला, आणि त्या लघुलिपीची छापील पुस्तिका त्याच ग्रंथालयात, पीप्सच्याच पुस्तकांत, फळीवर पडून होती. तेव्हा सांकेतिक मजकूर दिसला की कोडे सोडवायला बसण्याआधी लेखकाच्या ग्रंथसंग्रहाची यादी मागवून घ्यावी.