अँडियन फ्युजन ऐकायचंय? मग सुरुवात इथून करा

आधी एक काम करा, पिसांचा टोप घातलेला माणूस, मागे धबधबा आणि मऊ मऊ सिंथ असले व्हिडिओ बंद करा. झोप यायला ठीकेत, पण त्यात अँडीज, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या त्या डोंगररांगेचं खरं संगीत, सापडणार नाही.

सुरुवात वायनोपासून. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला हा नाच, ताल एक लांब दोन आखूड, टेबलावर बोटांनी वाजवत बसा, टाऽक टकटक, टाऽक टकटक. हा एकदा अंगात भिनला की वर इलेक्ट्रिक गिटार असो नाहीतर ट्रॅप (हिप-हॉपचा एक प्रकार) बीट, खाली तो चालूय की नाही ते आपोआप कळतं. सूर बरेचदा पाचच असतात, आपल्या धानी रागाच्या जवळचे वाटतात, त्यामुळे कानाला फार परकं लागत नाही.

मग सिकू, आणि हे हेडफोन लावूनच ऐका. बांबूसारख्या नळ्यांची ती बासरी पारंपरिक पद्धतीत एकटा माणूस वाजवतच नाही, एकाकडे इरा, बहुतेक 6 नळ्यांची, दुसऱ्याकडे आर्का, 7 नळ्यांची, आणि सूर दोघांत वाटलेले, म्हणजे एकाने श्वास घ्यायचा तेव्हा दुसऱ्याने फुंकायचं. मी कितीतरी दिवस एकच माणूस वाजवतोय असं समजून त्याच्या फुफ्फुसांचं कौतुक करत होतो 😅

आता फ्युजन, म्हणजे हेच संगीत रॉक, ट्रॅप असल्या नव्या प्रकारांत मिसळलेलं. लोस हाइवास हा चिलीचा बँड, 1973च्या लष्करी उठावानंतर देश सोडून आधी अर्जेंटिना मग फ्रान्स, आणि तिकडे राहून 1981मध्ये चिलीचा कवी नेरुदा याच्या माचू पिचूवरच्या (इंकांचं डोंगरातलं जुनं शहर) कवितेवर अख्खा अल्बम केला. पियानो, सिंथ, सिकू, चारांगो (छोटं गिटारसारखं तंतुवाद्य) सगळं एकत्र, घाईत ऐकू नका, दोनदा लावा.

तिथून थेट पेरूच्या उचपा या बँडकडे. केचुआत, म्हणजे अँडीजमधल्या जुन्या स्थानिक भाषेत, ब्लूज-रॉक! गायक फ्रेडी ऑर्तिस आधी पोलिसात होता, तो आवाज कुठून येतो ते ऐकल्यावर कळेल.

शेवटी गायिका रेनाता फ्लोरेस, पेरूतल्या आयाकुचोची. 2015मध्ये 14 वर्षांची असताना मायकल जॅक्सनचं गाणं केचुआत गायली आणि व्हायरल झाली, पण तिथेच थांबू नका, 2021चा 'इस्कुन' अल्बम लावा. त्यात ट्रॅप आहे, केचुआ आहे, बोटं टेबलावर ठेवा आणि बघा कुठल्या गाण्यात टाऽक टकटक सापडतंय.