मॉड्युलर सिंथमध्ये फिजिकल मॉडेलिंगचं (तारेसारख्या खऱ्या वस्तूचा आवाज गणिताने बनवणारं) मॉड्युल लावलंय? मग या चुका टाळा

सगळ्यात कॉमन तक्रार म्हणजे "ट्रिगर (नोट सुरू करणारा सिग्नल) देतोय पण आवाजच नाही". म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचं रिंग्ज मॉड्युल किंवा त्याचा क्लोन असेल तर आधी इन जॅक (बाहेरचा आवाज आत घेणारा) बघा. रिंग्ज हा ऑसिलेटर नाहीये, रेझोनेटर आहे, म्हणजे नुसती तार, तिला छेडणारं कोणीतरी लागतंच. इन रिकामा असला की ते काम आतला एक्सायटर (छेडणारा आवाज) करतो, पण तिथे केबल खोचली की तो गप्प बसतो, आणि त्या केबलमधून काही येतच नसेल तर मग स्ट्रमला (ट्रिगरच्या जॅकला) कितीही ट्रिगर द्या, उपयोग नाही.

दुसरी चूक सवयीची. पुढे व्हीसीए (आवाजाची पातळी कमी-जास्त करणारं मॉड्युल) आणि एन्व्हलप (ती पातळी वेळेनुसार कशी बदलेल ते ठरवणारा) लावायचा आणि सुंदर टेल (मागे घुमत राहणारा आवाज) मधूनच कापून टाकायची! आवाज किती वेळ घुमणार हे इथे डॅम्पिंग ठरवतं, एन्व्हलप लावायचाच तर एक्सायटरला लावा. खरी गंमत तिथेच आहे असं माझं मत, लोक रिंग्जवरचा स्ट्रक्चरचा (ओव्हरटोनची रचना बदलणारा) नॉब फिरवत बसतात आणि आत काय पाठवतोय ते बघतच नाहीत. २-५ मिलिसेकंदांचा नॉइजचा झटका दिला तर नखाने छेडल्यासारखं वाटतं, तोच नॉइज फिल्टरने मऊ करा, बोटाने छेडल्यासारखं होतं.

आता डिलेपासून स्वतः कार्प्लस-स्ट्राँग पॅच करणाऱ्यांसाठी (छोट्या डिलेचा आवाज परत त्यातच फिरवून तार बनवायची १९८३ची आयडिया, अजूनही भारी). ४४० हर्ट्झला डिले लागतो साधारण २.२७ मिलिसेकंद, पण फीडबॅकच्या लूपमधला लोपास (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा) फिल्टरही स्वतःचा थोडा उशीर त्यात घालतो, म्हणून त्याचा कटऑफ (जिथून कापायला लागतो ती फ्रिक्वेन्सी) खाली आणला की सूर उतरतो. वरच्या पट्टीत तर फारच. व्हीसीव्ही रॅकमध्ये (कॉम्प्युटरवरचा मॉड्युलर सिंथ) प्रत्येक केबल एक सॅम्पल (डिजिटल आवाजाचा सगळ्यात छोटा तुकडा) उशीर करते, ४८ किलोहर्ट्झवर १७६० हर्ट्झची तार जेमतेम २७ सॅम्पलची, त्यात एक वाढलं की सूर अर्ध्या सेमीटोनपेक्षा जास्त खाली. त्यामुळे ट्यूनिंग फिल्टर सेट केल्यावरच करा, आणि एका नाही, दोन-तीन ऑक्टेव्हना तपासा. फीडबॅक वाढवताना हेडफोन काढून ठेवा, लूपचा गेन १च्या वर गेला की आवाज फुगतच जातो.

आणि नोटच्या सुरुवातीला सूर घसरत असेल तर मॉड्युलला दोष देऊ नका, बहुतेक वेळा ट्रिगर आधी पोचतो आणि पिच सीव्ही (सूर ठरवणारं व्होल्टेज) मागून येतो, ट्रिगर दोन-चार मिलिसेकंद उशिरा पाठवून बघा.