खडक अभ्यासणाऱ्या पोरांना देणगी द्यायचीय? मग अशी द्या

आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पाऊस धो धो पडतो, जांभ्या दगडातून झिरपून जातो आणि एप्रिलात विहिरी तळ दाखवतात. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड कोसळली, १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडीवर. पाणी जातं कुठे, डोंगर का सुटतो, हे कळायला कुणालातरी रानोमाळ हिंडावं लागतं. हिंडणारा बहुधा भूशास्त्रात एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणारा विद्यार्थी असतो, आणि गाडीभाड्यापासून त्याची अडचण असते.

पहिलं काम, विभागात जाऊन विचारा. मी न विचारता एका कॉलेजला सूक्ष्मदर्शक दिला होता. जीवशास्त्राचा, साधा! खडकाला ध्रुवित प्रकाशाचा (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या उजेडाचा) लागतो, हे नंतर कळलं; माझा खोक्यातच राहिला. तिथल्या बाईंनी मग मला एक काप दाखवला. काळ्या कातळाची चकती काचपट्टीवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर उरेपर्यंत घासलेली. तो काळाकभिन्न दगड उजेडाला धरला तर आरपार दिसत होता. बाई म्हणाल्या, "काका, आम्हाला घासायची पूड आणि कापायचं पातं दिलं असतंत तरी चाललं असतं." संपणाऱ्या वस्तूंना देणगीदार मिळत नाही, कारण पुडीवर नाव कोरता येत नाही.

माझं ऐकाल तर पैसे क्षेत्रभेटीला द्या. एसटी, राहणं, दोन वेळचं जेवण, नमुन्यांच्या पिशव्या, त्या स्टँडपर्यंत आणायला रिक्षा. आणि दिवाळीच्या आत द्या. गवत वाळलं की कातळ उघडा पडतो आणि पोरं बाहेर पडतात. मार्चअखेर कर वाचवायला दिलेला चेक त्या हंगामाला उपयोगी पडत नाही.

चेक विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या नावाने काढा, कुणा सरांच्या नाही. सोबत पत्र जोडा: रक्कम भूशास्त्र विभागाच्या क्षेत्रभेटीसाठीच वापरावी. हे लिहिलं नाही तर पैसे मोठ्या खात्यात मिसळतात आणि विभागाला पत्ताही लागत नाही. विद्यार्थी निवडायचं मात्र त्यांच्यावर सोडा. भाच्याला मिळावी म्हणून देणं ही देणगी नव्हे.

कराचं थोडक्यात: देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी, ८०जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता संस्थेला आहे का ते आधी पाहा, २००० रुपयांच्या वर रोख देऊ नका, देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते. परदेशातल्या मुलाने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर त्याचे पैसे परदेशी देणगी ठरतात; संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, परवानगी हवी. तो अजून भारतीय नागरिक असेल, तर ही भानगड नाही.

आजीच्या नावाने कायमची शिष्यवृत्ती ठेवायची असेल तर आधी हिशेब मांडा. २ लाखांच्या ठेवीवर ६ टक्क्यांनी वर्षाला १२,००० येतात. एका मुलाला पुरतील, चौघांत वाटू नका.

पैसे नसतील तर गावातलं बंद घर आठवडाभर उघडून द्या. विहीरही द्या. दर महिन्याला कुणीतरी येऊन टेप सोडील आणि पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहील. तेवढा वेळ पंप बंद ठेवा.